एकाच टेबलावरची दोन पोरं

मी माझं गाव, कोरीट, सोडलं तेव्हा अंगणात मिरच्या वाळत होत्या. त्या दिवसांत आमच्याकडे घराघरातून शिंका ऐकू येतात आणि सगळ्यांचेच डोळे चुरचुरत असतात, त्यामुळे माझे डोळे कशाने वाहतायत हे कुणी विचारलं नाही. आबा ओट्यावर पाठ करून बसले होते. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण वळूनही पाहिलं नाही. माय चुलीजवळून उठून आली. हातात फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या आणि वर ठेच्याची पुडी.

"जाय बेटा," ती म्हणाली, "पन उपाशी नको जाऊ."

मी लग्न करायला चालले होते. वरात नाही, वाजंत्री नाही, धुळ्याच्या कचेरीत सह्या करून व्हायचं लग्न. मुलगा रायसिंग पावरा, तोरणमाळच्या घाटाखालच्या एका आदिवासी पाड्यावरचा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात आम्ही एका वर्गात होतो. तो नुकताच कृषी खात्यात अधिकारी म्हणून लागला होता. आबांच्या लेखी यातल्या शेवटच्या वाक्याला काही किंमत नव्हती. पाटलाची पोर पावऱ्याच्या घरात चालली, एवढंच त्यांना दिसत होतं.

माझ्या पाठचा भाऊ भरत, त्याने मोटरसायकल अंगणात आणून उभी केली आणि आबांच्या देखत म्हणाला, "ताई, बठ." नंदुरबारच्या स्टँडवर त्याने माझी पिशवी बसमध्ये चढवली. बस हलली तेव्हा खिडकीखाली येऊन म्हणाला, "रडू नको. मी शे ना."

भरत त्या वेळी डीएड होऊन शिक्षकाच्या नोकरीची वाट बघत होता. त्याच वर्षी त्याच्याबरोबर शिकलेला सातपुड्यातल्या काठी गावाकडचा एक आदिवासी मित्र त्याच्याहून कमी मार्कांवर राखीव जागेतून नोकरीला लागला. भरतने त्याच्यासाठी गावात पेढे वाटले. भरतला स्वतःला शेवटपर्यंत नोकरी लागली नाही, तो शेतीत उतरला. पुढचं सगळं सांगायच्या आधी हे सांगते, कारण माझा भाऊ मनाने लहान माणूस नव्हता. आजही नाही.

पुण्यात आम्ही आलो आणि राहिलोच. मी माती तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये लागले. गावाकडच्या मातीची पाकिटं यायची तेव्हा सुरुवातीला मी ती उघडून वास घेऊन बघायची. आता नुसते रिपोर्ट बघते. सकाळी डबे, कॅब, सोसायटीचा ग्रुप, रविवारी मॉलमधला बाजार. पहिली काही वर्षं लिफ्टमध्ये कुणाशी बोलताना माझ्या तोंडून "आहे"च्या जागी आमच्या अहिराणीतलं "शे" निघायचं आणि मी गप्प व्हायची. मग ते निघेनासं झालं, आणि त्याचं मला वाईट वाटायलाही बराच वेळ लागला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे भाऊ बहिणीला न्यायला सासरी येतो. पहिली काही वर्षं मला न्यायला कुणी आलं नाही. दर आखाजीला माय शेजारणीच्या फोनवरून बोलायची. "तुन्हा बाप नको बोलो, मी बोलसु," म्हणायची आणि मग आंबे कसे आलेत, कुठली गाय व्याली, झोके कुणाच्या निंबाला बांधलेत, हे सगळं सांगत राहायची. रेवा झाली, चालायला लागली, त्या वर्षी आखाजीच्या आधी दारावरची बेल वाजली आणि दारात भरत उभा. सोबत आंब्याची पेटी. म्हणाला, "चाल, लेवाले उना. दाजीले बी सांग."

त्या भेटीत कोरीटच्या ओट्यावर रायसिंगला पाणी आलं ते वेगळ्या पेल्यातून, आणि कुणी त्याला आत ये म्हणालं नाही. तो पाणी प्यायला आणि पेला शांतपणे खाली ठेवला. तेवढ्यात भरत शेतातून आला. त्याने बघितलं, काय चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं. तो रायसिंगच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेला, चुलीसमोर पाट मांडले आणि त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून जेवायला बसला. मायने दोघांना वाढलं. आबा ओट्यावरच बसून राहिले. दोन दिवसांनी ते रेवाला मांडीवर घेऊन बसलेले दिसले. रायसिंगशी ते थेट बोलले नाहीतच, पण रेवाला म्हणायचे, "तुन्हा बापले सांग, चहा थंडा व्हई ऱ्हायना." रायसिंग अजून कधीकधी हे वाक्य म्हणून हसतो. आबा गेले तेव्हा तो माझ्याआधी रडला.

त्यानंतर बरीच वर्षं मला माहेर होतं. साधं, सगळ्यांना असतं तसं. सुट्टी लागली की रेवा कोरीटला. भरतचा मुलगा हर्षल तिच्याच वयाचा. दोघं कापसाच्या ढिगात उड्या मारायची, पपईच्या बागेत लपायची. मग आम्ही सगळे घाट चढून रायसिंगच्या घरी जायचो, तर हर्षलही गाडीत येऊन बसायचा. रायसिंगच्या वडिलांना रेवा आजा म्हणायची, म्हणून तोही म्हणायचा. रायसिंगच्या भावाची मुलगी जेमाही त्यांच्याच बरोबरीची. एका होळीला आम्ही तिघांना घेऊन काठीला गेलो होतो. परतताना तिघं एकमेकांवर कलंडून झोपली होती, तोंडाला राख लागलेली. आरशात बघून रायसिंग म्हणाला, "यातलं कोण कुणाचं, सांग बघू." मला तेव्हा ते सुखाचं वाक्य वाटलं होतं.

हर्षल हुशार निघाला. दहावीला तालुक्यात त्याचं नाव झालं. डॉक्टर व्हायचं असं तोच म्हणाला, भरतने त्याच्यावर लादलं नाही. नंदुरबारमध्ये नीटचे क्लास होते, पण रेवा पुण्यात ज्या क्लासला जाणार होती तिथेच त्यानेही जावं असं मी आणि रायसिंगने ठरवलं. भरत त्याला सोडायला आला. निघताना पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आठे तुन्ही आत्या शे. मायच समज."

दोन वर्षं ती दोघं आमच्या हॉलमधल्या एकाच टेबलावर अभ्यास करत होती. टेबल जेवणाचं होतं, त्यामुळे आम्ही दोघं ताटं हातात घेऊन सोफ्यावर जेवायचो. मी सकाळी दोन डबे भरायची. हर्षलला कढीखिचडीचा कंटाळा, रेवाला भेंडीचा, मग अदलाबदल. टेस्ट सिरीजमध्ये बहुतेक वेळा तो पुढे असायचा. रेवाला फिजिक्स जड जायचं आणि तो तिला समजावून सांगायचा, अहिराणीत. "अवं, हाई बठ्ठं सोपं शे," असं सुरू व्हायचं. माझ्या घरात माझी बोली परत आली ती त्या पोरामुळे. किचनमधून ऐकताना मी भाजी ढवळायची विसरायची.

राखीव जागेचा विषय त्या दोन वर्षांत घरात निघाला नाही असं नाही. क्लासमध्ये पोरं बोलायची. एकदा हर्षल जेवताना सहज म्हणाला, "रेवाला टेन्शन नाही, तिला कॅटेगरी आहे." रेवाने त्याला चमचा मारला. सगळे हसले. रायसिंग हसला नाही. पाणी पिऊन तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

निकाल लागला. दोघांनाही खुल्या वर्गाच्या कटऑफची रेघ गाठता आली नाही. हर्षल थोडक्यात राहिला, रेवा त्याच्या बरीच मागे होती. पण रेवासाठी दुसरी रेघ होती आणि ती तिने सहज ओलांडली होती. विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. हर्षलला कुठेच मिळाली नाही. खासगी कॉलेजं आवाक्याबाहेरची होती.

त्या दिवशी घरात पेढे आणायचे की नाही हे मला कळेना. शेजारच्या काकू स्वतःच बॉक्स घेऊन आल्या. रेवाच्या तोंडात पेढा घातला आणि मला हळूच विचारलं, "कॅटेगरीतून ना?" मी हो म्हणाले. "तरीच," त्या म्हणाल्या. वाईट हेतू नव्हता त्यांचा. हर्षल टेबलाशी बसला होता. त्याने पेढा घेतला, खाल्ला, आणि रेवाला म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही गं." ती उठून खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

भरत त्याला न्यायला आला तो सकाळी. चहा घेतला नाही. मी पोहे केले होते, ते तसेच राहिले. हर्षल बॅग भरत होता. भरत सोफ्याच्या कडेवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि माझ्याकडे बघून बोलायला लागला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, एक सांग माले. मन्हा पोऱ्या तुन्हा घरमा ऱ्हायना. तुन्हा हातनं खादं. एकच क्लास, एकच टेबल. मार्क त्याना जास्त. मंग डॉक्टर रेवा कशी व्हई? हाई पोर कोठली आदिवासी? डोंगरमा कव्हय ऱ्हायनी ती?"

मी काही बोलायच्या आत रायसिंग बोलला. तो भरतशी नेहमी मराठीतच बोलायचा. "भरत, ती माझी मुलगी आहे. म्हणून ती आदिवासी आहे."

"दाजी, तुम्ही ऑफिसर शेतस. ताई नोकरी करस. मी शेतमा राबस. गरीब कोन, तुम्हीच सांगा."

"मी ऑफिसर होतो तेव्हाच तुमच्या ओट्यावर मला वेगळ्या पेल्यातून पाणी दिलं," रायसिंग म्हणाला. "गरिबी आणि ही गोष्ट एक नाही, भरत. कॉलेजात पहिला आलो तरी मला मास्तरांनी विचारलं होतं, कोट्यातला ना तू? आज माझ्या केबिनमध्ये माणसं आडनावाची पाटी वाचतात आणि मग बोलायचा सूर बदलतात. हे रेवाला नाही होणार असं तुला वाटतं? तू त्या दिवशी मला हाताला धरून आत नेलंस, म्हणून तुला सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं."

भरतने मान खाली घातली. मग मान वर न करता म्हणाला, "मी तुम्हले मांडीले मांडी लाई बठाडं, दाजी. आते मन्हा पोऱ्याले कोन बठाडी?"

एवढी वर्षं मी वर्तमानपत्रात, टीव्हीवर या विषयावर भांडणारी माणसं बघत आलेय. दोन्ही बाजूंना उत्तरं पाठ असतात. मला हेवा वाटतो त्यांचा. माझ्या हॉलमध्ये माझा नवरा खरं बोलत होता आणि माझा भाऊही खरं बोलत होता, आणि मी मध्ये थंड झालेले पोहे घेऊन उभी होते.

हर्षल बॅग घेऊन बाहेर आला, माझ्या पाया पडला. लिफ्टचं दार मिटेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. भरत मोबाइलमध्ये बघत होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला रेवा म्हणाली, "मी सीट सोडते."

"सोडलीस तरी हर्षलला मिळणार नाही," रायसिंग म्हणाला. "ती आपल्यातल्याच दुसऱ्या कुणाला जाईल."

"मग जाऊ दे ना! जेमासारख्या कुणाला जाऊ दे. मामा खोटं बोलला का? मी कधी राहिले डोंगरात? मला आपली भाषा तरी धड येते का, पपा?"

रायसिंगला मी रेवावर हात उगारताना कधी पाहिलं नाही. त्या दिवशीही त्याने फक्त ताटली सरकवली आणि तो उठून गेला. संध्याकाळी घरी आला तो थकलेला. म्हणाला, "चल, आज्याला विचारू. तो सांगेल तसं कर."

आम्ही तिघं घाटाखालच्या पाड्यावर गेलो. रायसिंगच्या बाबांना सगळं सांगायला वेळ लागला, कारण जागा, मार्क, रेघ यातलं काही त्यांच्या बोलीत बसत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तो रायसिंगने आम्हाला मराठीत सांगितला, "मग जेमाला का नाही?"

रायसिंगच्या भावाने, जेमाच्या वडिलांनी, मान खाली घातली. रायसिंग आश्रमशाळेत शिकायला गेला तेव्हा ढोरं राखायला हा भाऊ मागे राहिला होता. तो कधी तसं म्हणाला नाही, त्या दिवशीही म्हणाला नाही.

जेमा अंगणात वाळवलेली मोहाची फुलं निवडत होती. तीही त्याच परीक्षेला बसली होती. रेवा तिच्याजवळ जाऊन बसली आणि मी ऐकलं ते जेमाचं शाळेत शिकलेलं, नीट जुळवून बोललेलं मराठी. "मला प्रश्न वाचता येत होते," ती म्हणाली, "पण ते कुठल्या पुस्तकातले ते कळत नव्हतं. आमच्याकडे फिजिक्सला सरच नव्हते." जरा थांबून ती म्हणाली, "माझ्यासाठी सोडू नको तू. तू सोडलीस तरी ती जागा माझ्यापर्यंत येत नाही. मध्ये तुझ्यासारखे खूप जण आहेत."

ती हे रागाने बोलली नाही. म्हणून ते जास्त लागलं. भरतचं म्हणणं ज्या ठिकाणी खरं होतं ती जागा या पोरीने बरोबर दाखवली होती, फक्त त्या जागेवर भरतचा मुलगा उभा नव्हता, ती स्वतः उभी होती.

निघताना आज्याने रेवाला जवळ बसवलं. त्याची बायको, म्हणजे माझी सासू, एकदा खालच्या दवाखान्यात दाखवायला गेली होती तेव्हा डॉक्टरला तिचं बोलणं कळलं नव्हतं. पोटात दुखतं हे सांगायला तिने हात लावून दाखवलं होतं, आणि त्याने चुकीच्या जागेचं औषध दिलं होतं. ती त्यातून बरी झाली, पण परत कधी दवाखान्याची पायरी चढली नाही. आजा रेवाला म्हणाला, "तू जा. पण आधी आपली बोली शीक. आणि जेमा शिकवेल तेवढं शीक." रेवा रडत होती. तिने जेमाकडे बघितलं. जेमा म्हणाली, "आणि नंतर इथं ये. नाही आलीस तर मामाचंच खरं."

रेवाने जागा घेतली. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. जेमाला रोज फोन करून पावरी शिकते, आता वडिलांपेक्षा भरभर बोलते. कॉलेजमध्ये तिला काय ऐकावं लागतं ते ती मला सांगत नाही. एकदा सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "मम्मी, तिथे मी पावरा आहे आणि कोरीटला मी पुण्याची. मी आदिवासी आहे की नाही हे सगळे आपापल्या सोयीने ठरवतात." जेमाने नर्सिंगचा कोर्स केला, ती आता घाटातल्या उपकेंद्रात आहे.

हर्षलने गावी राहून आणखी एक वर्ष दिलं. पुन्हा थोडक्यात राहिला. मग त्याने बीएस्सी धरली, आणि ती करता करताच वापीकडे एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये लागला. माझ्या वाढदिवसाला त्याचा मेसेज येतो. "आत्या, हॅपी बर्थडे." मी त्याला फोन करते तेव्हा तो उचलतो, नीट बोलतो, जेवलीस का विचारतो. अहिराणीत बोलत नाही. का, ते मी विचारलं नाही.

त्या वर्षीपासून आखाजीला भरत आला नाही. राखी मी पाठवायची, ती मिळाली का हे मायला विचारायची. माय म्हणायची, "मियनी. बांधी त्यानी." खरं की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. आम्ही खान्देशातली पुण्यात आलेली माणसं वर्षातून एकदा भरीत-भाकरीसाठी जमतो. तिथे एकदा कुणीतरी कोट्यातल्या डॉक्टरांवर एक विनोद सांगितला. सगळे हसले. मी ताट बाजूला ठेवलं. हे सगळे माझ्याच मातीतले, माझ्याच बोलीतले लोक. मी माहेर सोडून आले, पण आपल्या लोकांना मी एवढी परकी झाले असेन हे मला तोवर कळलं नव्हतं.

माय दोघांमध्ये फार ओढली गेली. फोनवर ती दर वेळी म्हणायची, "दोन्ही मन्हाच शेतस. मी कोना बाजूले बठू?" तिला या भांडणातलं काही कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं, म्हणून तिला बसायला जागा नव्हती.

गेल्या वर्षी माय गेली. फोन भरतने केला नाही, त्याच्या बायकोने केला. आम्ही निघालो, रेवा तिकडून परस्पर आली. हर्षल वापीहून आधीच पोचला होता. रेवा आत आली तसा तो उठला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं मायच्या खाटेशी जाऊन बसली. काय बोलली मला माहीत नाही, पण दोघांचं एकदम हुंदक्याने रडणं ऐकू आलं, आणि मला वाटलं, आता हे मिटेल. मायने जाता जाता हे मिटवलं.

मायचे दिवस झाले. पानं मांडली गेली. भरत टोपी घालून पंगतीत फिरत होता, सगळ्यांना वाढा, आग्रह करा म्हणत होता. तो माझ्यासमोर आला. मी मान वर करून बघितलं. केस पांढरे झालेले, डोळे सुजलेले, मायसारखाच दिसत होता. मी म्हणाले, "भरत, तू जेवना का?"

तो म्हणाला, "तुम्ही जेवी ल्या. मन्हं व्हई मंग."

तुम्ही. मला आधी वाटलं माझ्या मागे कुणी बसलंय, त्यांना म्हणाला. मागे भिंत होती.

आमच्या घरात बहिणीला कुणी कधी तुम्ही म्हटलं नाही. तुम्ही म्हणतात व्याह्यांना, जावयाला, तलाठ्याला, बाहेरून आलेल्या माणसाला. तो अगदी आदराने बोलला होता. जेवणानंतर त्याच्या बायकोने मला रीतीप्रमाणे साडी दिली, कुंकू लावलं. गाडीपर्यंत तो सोडायला आला. रायसिंगचा हात हातात घेतला, रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाला, "संभाळी जा." आणि वळला. कुठेही काही कमी पडलं नाही. पाहुण्यांचं जसं करायचं तसं सगळं केलं.

वाटेत रेवाने विचारलं, "मम्मी, मामा चांगला वागला ना?" मी हो म्हणाले. रायसिंगने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली. मी खाली उतरले आणि कापसाच्या शेताच्या बांधावर उभी राहून जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं. तोही खाली उतरला. माझ्या शेजारी उभा राहिला.

लोक विचारतात, गाव कुठलं. मी अजून कोरीटच सांगते. पण घर म्हणजे काय ते मला आता वेगळं कळलंय. तोरणमाळखालच्या त्या घरात मला सून म्हणून कुणी कधी तुम्ही म्हटलेलं नाही, पहिल्या दिवसापासून तूच आहे. आजा अजून मला ओरडतो, तू वाळली, तू खात नाही. पुण्याचा फ्लॅट आहे, तिथे आमची दारावर पाटी आहे, दोन आडनावांची. आणि कोरीट आहे, जिथे माझ्या आईबापाची राख झाली, जिथे माझी बोली आहे आणि जिथे माझा आदर होतो.

भरत, तू हे वाचशील की नाही माहीत नाही. हर्षलवर अन्याय झाला असं तुला वाटतं. त्याला डॉक्टर झालेलं बघायचं होतं मलाही, माझ्या पोटच्या पोरीएवढंच. रेवाने घेतलेली जागा चुकीची होती असं मी म्हणणार नाही, कारण तसं मला वाटत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आपण दोघंही मरून जाऊ. मी समजूत काढायला येत नाही, तू समजून घे असंही म्हणत नाही. एकदा फोन कर आणि भांड माझ्याशी. मनात असेल ते सगळं बोल, आई काढ, बाप काढ, काय वाटेल ते म्हण. फक्त तू म्हणून भांड.